किती वेळा पाहिले म्हणजे अनुभव?



घरात कोणाला ताप आला, कोणाची कंबर धरली, कोणाच्या अंगावर पित्त उठले की शेजारपाजारचे चारजण चार औषधे सांगतात आणि प्रत्येकजण एकच वाक्य उच्चारतो, 'आमच्याकडे याने गुण आला.' हे वाक्य सहसा खोटे नसते. सांगणारा मनापासून सांगत असतो आणि त्याच्या घरचा रुग्ण खरोखर बरा झालेला असतो. परंतु तो त्या औषधाने बरा झाला, की ताप आपल्या पावलांनी उतरणारच होता? आणि एका घरात जे घडले, ते किती घरांत घडल्यावर त्याला अनुभव म्हणावे? हा प्रश्न आजचा नाही. वैद्यकाच्या इतिहासात त्यावर एक मोठा वाद झडला, तो इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, अलेक्झांड्रिया नगरीत.

अलेक्झांड्रिया त्या काळी ग्रीक विद्येचे माहेरघर होते. तेथे हिरोफिलस व इरासिस्ट्राटस या दोन वैद्यांनी मानवी शरीराचे विच्छेदन करून मज्जातंतू, हृदय, मेंदू यांच्या रचनेचा अभ्यास केला. शरीराच्या आत दडलेली कारणे कळल्यावाचून उपचार करणे म्हणजे अंधारात चाचपडणे, अशी त्यांच्या परंपरेची धारणा होती. या परंपरेला पुढे तर्कवादी असे नाव पडले. पण हिरोफिलसचाच एक शिष्य, कॉस बेटावरचा फिलिनस, गुरूपासून बाजूला झाला. त्याने आणि त्याच्यामागून सेरापियनने जो पंथ उभा केला, तो स्वतःला अनुभववादी म्हणवू लागला.

अनुभववाद्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : शरीराच्या आतली गुप्त कारणे माणसाला कळू शकत नाहीत. कळत असती, तर मोठमोठे सिद्धांतकार एकमेकांशी इतके भांडले नसते. कोणी म्हणतो रोग द्रवांच्या बिघाडाने होतो, कोणी म्हणतो वायूने, कोणी म्हणतो सूक्ष्म कण छिद्रांत अडकल्याने. आणि तरीही या सर्वांचे काही रुग्ण बरे होतात. मग बरे करण्याचे श्रेय सिद्धांताला कसे द्यावे? शेतकरी आणि नावाडी वादविवादाने घडत नाहीत, हात वापरून घडतात, हा त्यांचा आवडता दाखला होता. रोग कशाने होतो यापेक्षा तो कशाने जातो, हे महत्त्वाचे. हा सारा वाद पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने आपल्या वैद्यकग्रंथाच्या प्रस्तावनेत मोठ्या निष्पक्षपणे मांडून ठेवला आहे, म्हणून तो आज वाचता येतो. राजाच्या तुरुंगातील गुन्हेगारांना जिवंतपणी चिरल्याचा आरोपही सेल्सस नोंदवतो. त्यावर अनुभववाद्यांचे उत्तर होते की ते क्रूर आहेच, शिवाय व्यर्थही आहे; कारण चिरला जाणारा देह हा निरोगी, जगणारा देह उरतच नाही.

या पंथाने आपली पद्धत तिवईसारखी तीन पायांवर उभी केली. पहिला पाय, वैद्याने स्वतः पाहिलेले. दुसरा, इतरांनी पाहून लिहून ठेवलेले. आणि तिसरा पाय सादृश्याचा : अपरिचित रोग समोर आला, किंवा ठाऊक असलेले औषध हाताशी नसले, तर त्याच्यासारख्या दुसऱ्या रोगाकडे वा दुसऱ्या औषधाकडे जावे. या तिसऱ्या पायाचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे.

विरोधकांनी मात्र नेमके मर्मावर बोट ठेवले. दुसऱ्या शतकातील थोर वैद्य गॅलन याने तो युक्तिवाद नोंदवून ठेवला आहे. धान्याचा एक दाणा म्हणजे ढीग नव्हे. दोन दाणे म्हणजेही नव्हे. मग कितव्या दाण्याला ढीग होतो? तसेच, एकदा पाहिले तर तो अनुभव नाही असे तुम्हीच म्हणता. मग कितव्यांदा पाहिल्यावर तो अनुभव होतो? पन्नासाव्यांदा होत असेल, तर एकोणपन्नासाव्यांदा का होत नाही? अनुभववाद्यांनी उत्तर दिले की ढीग कितव्या दाण्याला होतो हे कोणाला सांगता येत नाही, तरी जगात धान्याचे ढीग असतातच. हे उत्तर चतुर आहे. पण प्रश्न त्याने मिटला नाही.

गॅलनने स्वतः अनुभव आणि तर्क या दोहोंना मान दिला. दुर्दैव असे, की त्याच्यामागून आलेल्यांनी त्याचा अनुभव सोडला आणि त्याचे सिद्धांत तेवढे उचलले. रक्त, कफ, पिवळे पित्त व काळे पित्त या चार द्रवांच्या मांडणीवर युरोपचे वैद्यक हजारांहून अधिक वर्षे चालले. विद्यापीठात शिकलेला वैद्य लॅटिन ग्रंथ वाचून दाखवी. जखमा बांधणे, हाडे बसवणे, फोड कापणे ही कामे न्हाव्यांकडे सोपवलेली असत.

अशाच न्हावी-शल्यकारांपैकी एक आम्ब्रुआझ पारे. लॅटिनचा गंध नसलेला हा फ्रेंच तरुण १५३७ मध्ये उत्तर इटलीतील युद्धात सैन्याबरोबर होता. बंदुकीच्या दारूने जखमेत विष भिनते, असा त्या वेळी ग्रंथमान्य सिद्धांत होता. म्हणून गोळीच्या जखमेत उकळते तेल ओतावे, असा प्रघात पडला होता. पारेनेही आधी तेच केले. पण जखमी इतके झाले की तेल संपले. निरुपायाने त्याने अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन यांचे मिश्रण करून उरलेल्यांच्या जखमांवर लावले. ज्यांना तेल मिळाले नाही ते विषाने मरणार, या धास्तीने त्याला रात्रभर झोप लागली नाही. पहाटे उठून पाहतो तो मिश्रण लावलेले सैनिक बऱ्यापैकी झोपलेले, जखमा फारशा सुजलेल्या नाहीत. आणि उकळत्या तेलाचे मानकरी तापाने फणफणलेले, जखमांच्या कडा सुजून वेदनेने तळमळत असलेले. पारेने ठरवले की असे क्रूर दहन पुन्हा करायचे नाही. १५४५ मध्ये त्याने हे लिहून प्रसिद्ध केले, आणि तेही लॅटिनमध्ये नव्हे, आपल्या फ्रेंच बोलीत.

पारेला जे गवसले ते तेल संपले म्हणून गवसले, हे विसरता येत नाही. एकाच छावणीत, एकाच रात्री, दोन प्रकारचे उपचार शेजारीशेजारी झाले. तुलना आपोआप घडली. तेल पुरेसे असते तर सर्वांच्याच जखमा सुजल्या असत्या, आणि गोळीची जखम ही सुजायचीच, असा 'अनुभव' आणखी दृढ झाला असता.

अनुभव हाती येऊनही तो कसा निसटतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण स्कर्व्हीचे आहे. लांबच्या समुद्रप्रवासात खलाशांच्या हिरड्या सुजत, त्यांतून रक्त येई, पायांवर काळे डाग उठत, बऱ्या झालेल्या जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि माणूस खंगून मरे. वास्को द गामा ऑक्टोबर १४९८ मध्ये गोव्याच्या दक्षिणेकडील अंजदीव बेटावरून परत निघाला, तेव्हा आफ्रिकेचा किनारा दिसेपर्यंत सुमारे तीन महिन्यांत त्याची सुमारे तीस माणसे या रोगाने गेली. पुढे ईस्ट इंडिया कंपनीची पहिली सफर १६०१ मध्ये चार जहाजे घेऊन निघाली. तिचा प्रमुख लँकेस्टर याने आपल्या जहाजावरील माणसांना रोज सकाळी तीन चमचे लिंबाचा रस दिला. ते जहाज बऱ्याच अंशी धडधाकट राहिले, उरलेल्या तीन जहाजांवर मात्र माणसे आजारी पडून पाल ओढायलाही हात पुरेनात. चारपैकी एका जहाजावर उपाय आणि तीन जहाजांवर नाही, याहून स्पष्ट तुलना कोणती हवी? पण ती कोणी तुलना म्हणून पाहिलीच नाही.

पाहिली ती जेम्स लिंडने, जवळजवळ दीडशे वर्षांनी. २० मे १७४७ रोजी सॅलिसबरी या युद्धनौकेवर त्याने स्कर्व्हीचे बारा रुग्ण निवडले, शक्य तितके सारख्या अवस्थेतले. त्यांना एकाच जागी ठेवले, एकच जेवण दिले आणि त्यांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाची आंबवलेली दारू, दुसरीला पातळ गंधकाम्ल, तिसरीला व्हिनेगर, चौथीला समुद्राचे पाणी, पाचवीला रोज दोन संत्री व एक लिंबू, सहावीला लसूण-मोहरी वगैरेंची गोळी. फळे सहा दिवसांतच संपली. तोवर फळे खाणाऱ्या दोघांपैकी एकजण कामावर परतण्याइतका सावरला होता, आणि दुसऱ्याला इतर रुग्णांची शुश्रूषा करण्याच्या कामी लावता आले.

यानंतर लिंडने काय करावे? त्याने १७५३ मध्ये स्कर्व्हीवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात हा प्रयोग अवघ्या काही पानांत उरकला. उरलेल्या ग्रंथात सिद्धांत. दमट हवेने घाम अडतो, अडलेले द्रव शरीरात कुजतात, अशी त्याची मांडणी होती. फळे समुद्रावर टिकत नाहीत म्हणून त्याने त्यांचा रस आटवून ठेवण्याची कृती सुचवली. आटवताना जे गुणकारी होते तेच नष्ट होत होते. पण तो आटवलेला रस मूळ फळाशी ताडून पाहावा, असे ज्या माणसाने बारा खलाशांवर सहा उपचार ताडून पाहिले, त्यालाही सुचले नाही. ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस सरसकट मिळू लागला तो १७९५ पासून, म्हणजे प्रयोगानंतर ४८ वर्षांनी.

आणि आता तिवईचा तिसरा पाय. नौदलात दिला जाई तो भूमध्य समुद्राकाठच्या मोठ्या, जाड सालीच्या पिवळ्या लिंबांचा रस. १८६० च्या दशकात त्याच्या जागी वेस्ट इंडीज बेटांवरील लहान, हिरव्या लिंबांचा रस आला. ही बेटे इंग्रजांच्या ताब्यात होती, माल घरचा होता, आणि लिंबू ते लिंबूच! उलट हिरवे लिंबू अधिक आंबट. आणि आंबटपणानेच स्कर्व्ही जाते, असा समज. सादृश्य इतके उघड की तपासण्याची गरज कोणाला वाटावी? वस्तुतः त्या रसात स्कर्व्ही टाळणारा अंश कितीतरी कमी होता, आणि साठवणीत तोही घटत होता. हे लक्षात आले नाही, कारण आगबोटींमुळे प्रवास आखूड झाले होते; रोग व्हायला लागतो तेवढा काळ माणसे ताज्या अन्नावाचून राहतच नव्हती. १८७५ मध्ये उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या नेअर्सच्या मोहिमेत लिंबाचा रस देऊनही स्कर्व्हीने माणसे आडवी झाली. तेव्हा निष्कर्ष काय निघाला? रस बदलला हा नव्हे, तर लिंबू हा उपायच फोल हा. मग डब्यातले मांस नासून त्यात विष तयार होते आणि त्याने स्कर्व्ही होते, हा नवा सिद्धांत विद्वानांत बोकाळला. दीडशे वर्षांपूर्वी बारा खलाशांवर सिद्ध झालेली गोष्ट अशी विसरली गेली. १९०७ मध्ये नॉर्वेतील होल्स्ट व फ्रोलिक यांनी गिनीपिगना स्कर्व्ही होते हे दाखवल्यावर तपासाचे साधन हाती आले, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस लंडनमध्ये हॅरिएट चिक यांच्या गटाने दोन्ही रस ताडून हिरव्या लिंबाचे दुबळेपण उघड केले, आणि १९३२ मध्ये 'क' जीवनसत्त्वाची ओळख पटली. सिद्धांत आणि अनुभव एकमेकांना अखेर भेटले ते येथे.

ढिगाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याआधीच पॅरिसमध्ये शोधले जाऊ लागले होते. रक्त काढल्याने ताप उतरतो, हा युरोपातील वैद्यांचा दोन हजार वर्षांचा 'अनुभव' होता. १८३३ या एका वर्षात फ्रान्सने चार कोटींहून अधिक जळवा आयात केल्याचे सांगतात. प्येर लुई या वैद्याने वाद घातला नाही. त्याने न्यूमोनियाचे ७७ रुग्ण मोजले. ज्यांचे रक्त पहिल्या चार दिवसांत काढले त्यांच्यापैकी ४४ टक्के दगावले; ज्यांचे उशिरा काढले त्यांच्यापैकी २५ टक्के. संख्या लहान होती, तुलनेत उणिवा होत्या, पण रक्त काढणे हा हमखास उपाय आहे हा विश्वास त्या आकड्यांपुढे टिकेना. दोन हजार वर्षे लाखो रुग्ण डोळ्यांसमोरून गेले. फक्त ते मोजले नव्हते.

ही झाली युरोपची कहाणी. ती ऐकून सुखावण्याचे कारण नाही, कारण तोच प्रश्न आपल्या घरालाही विचारावा लागतो.

आपल्या शास्त्रकारांना या वादाची जाण नव्हती असे कोणी म्हणू नये. चरकसंहितेत परीक्षेची साधने चार सांगितली आहेत : आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. गुराखी, मेंढपाळ, वनवासी यांना वनस्पतींची नावे आणि रूपे ठाऊक असतात असे तीच संहिता मोकळेपणाने मान्य करते, आणि लगेच बजावते की तेवढ्याने औषध कळत नाही; ते कोणाला, केव्हा, किती द्यावे हे जाणणाराच खरा जाणकार. सुश्रुतसंहितेत केवळ शास्त्र जाणणारा आणि केवळ कर्म जाणणारा या दोघांनाही एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे. शिष्याने आधी भोपळा, काकडी यांवर छेद घ्यावेत, कमळाच्या देठावर शिरा वेधण्याचा सराव करावा, जाड कापडावर टाके घालावेत, माणसाच्या पुतळ्यावर पट्ट्या बांधाव्यात, ही तिथली शिकवण. मृतदेह वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून, मग वाळ्याच्या वा बांबूच्या कुंच्याने थराथराने खरवडून आतले अवयव डोळ्यांनी पाहावेत, असेही तेथे सांगितले आहे.

पण पुढे काय झाले? त्याचे उत्तर पुण्याजवळ सापडते. १७९२ च्या युद्धात इंग्रज सैन्याबरोबर बैलगाडी हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात छाटण्यात आला. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात त्याचे चित्र आणि कथा छापून आली. नाव 'कावसजी' असे दिले आहे, ते मराठा शेतकऱ्याचे वाटत नाही, पण छापील कागदावर तेच आहे. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा वावरला आणि मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. हा माणूस पंडित नव्हता, राजवैद्य नव्हता. तो वीट पाडणाऱ्यांच्या जातीतला, म्हणजे बहुधा कुंभार होता. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज शल्यवैद्यांनी अशी क्रिया प्रत्यक्ष पाहिली होती.

ती क्रिया अशी. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ ओढायची. तेवढी कातडी सोलून काढायची, मात्र दोन डोळ्यांच्या मध्ये एक लहानशी पट्टी जोडलेली राखायची, म्हणजे रक्त वाहते राहते. मग ती कातडी अर्धी वळवून नाकाच्या जागी आणायची आणि कडा छेद घेऊन त्यात बसवायच्या. टाका नाही, पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून त्या एकावर एक चिकटवायच्या. चार दिवस हात लावायचा नाही, मग तुपात भिजवलेल्या पट्ट्या. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापायची. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने हे वर्णन वाचले, हिंदुस्थानातून माहिती मागवली, मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ मध्ये ही शस्त्रक्रिया तेथे केली. १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. युरोपातील आधुनिक नासासंधानाचा आरंभ यातून झाला.

याचा अभिमान वाटतो, आणि वाटावा. परंतु एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. सुश्रुतसंहितेत नाकासाठी कातडी गालाची घ्यायला सांगितली आहे, आणि मोजमापाला झाडाचे पान. पुण्याच्या कुंभाराने कातडी कपाळाची घेतली, माप मेणाचे. म्हणजे मधल्या शतकांत कोणीतरी, कोठेतरी, गाल सोडून कपाळाकडे वळले. ग्रंथाच्या पलीकडे जाण्याचे धाडस कोणाच्या तरी हाताने केले, आणि ते यशस्वी झाले. कोण होता तो? गालाच्या कातडीने काय अडत होते? किती नाके कुजली, किती रुग्ण दगावले, तेव्हा हा बदल सुचला? यातले एक अक्षरही आपल्याकडे लिहिलेले नाही. पंख दोन होते, पण एक पाठशाळेत राहिला आणि एक कुंभारवाड्यात. पाठशाळेने कुंभाराला विचारले नाही, कुंभाराला लिहिण्याचे कारण पडले नाही. आणि त्याच्या कौशल्याची वार्ता लंडनच्या मासिकातून परत आपल्यापर्यंत आली. त्या कुंभाराचे नावसुद्धा त्यात नाही. अनुभववाद्यांच्या तिवईचा दुसरा पाय, इतरांनी पाहून लिहून ठेवलेले, तो येथे मोडला होता.

आजही अनेक घरांत आजोबा-पणजोबांच्या औषधांच्या वह्या माळ्यावर पडलेल्या आहेत. त्यांत कृती असतात. ज्याला दिले आणि गुण आला नाही, त्याची नोंद त्यांत क्वचितच सापडते. वह्या जपणाऱ्या कुटुंबांनी त्यांची पाने उलटताना हे कोरे राहिलेले रकानेही पाहावेत. नव्या वैद्याने तर पहिल्या दिवसापासून ते भरावेत.

भरता येतात, हे मुंबईतच दिसले आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे सर्पदंशावर, निद्रानाशावर, वेडावर पिढ्यान् पिढ्या दिली जाई. १९३१ मध्ये कोलकात्यात गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याने रक्तदाब उतरतो असे प्रसिद्ध केले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील हे औषध आपल्या रुग्णांना देत होतेच. पण 'गुण येतो' एवढे सांगून ते थांबले नाहीत. त्यांनी अतिरक्तदाबाचे ५० रुग्ण निवडले, औषधापूर्वीचा आणि नंतरचा रक्तदाब नोंदला, त्रास काय झाले तेही लिहिले, आणि १९४९ मध्ये तो निबंध 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. युरोप-अमेरिकेचे लक्ष तेव्हा या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि १९५७ मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्याच दशकात हे औषध घेणारे काही रुग्ण खिन्न, उदास होत असल्याच्या नोंदीही डॉक्टरांकडून येऊ लागल्या, आणि त्याची मात्रा उतरवण्यात आली.